तारांना मान, गजाची उपेक्षा

मिरज (विशेष प्रतिनिधी) : मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सांगली जिल्ह्यात उत्साहाने स्वागत झाले आणि ते यथोचितच होते. सतारीचे मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या, तर तंबोऱ्याचे सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्मच्या नावे नोंदले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका व्यवसायावर त्यामुळे कायद्याची मोहोर उमटली. मंगळवेढ्याकडचा भोपळा, कर्नाटकातील जंगलांतून येणारे लाकूड आणि मिरजेच्या कारागिराचा कान यांतून घडणारे वाद्य आता दुसऱ्या कुणाला मिरजेच्या नावावर विकता येणार नाही.

या आनंदात एक गोष्ट मात्र नजरेआड राहिली. मानांकन मिळालेली दोन्ही वाद्ये छेडून वाजवायची आहेत. सतार नखीने, तंबोरा बोटांनी. गजाने वाजवायच्या वाद्यांचा या नोंदीशी संबंध नाही. मिरजेची कीर्ती तंतुवाद्यांच्या घडणीसाठी आहे आणि त्यातही सतार-तंबोऱ्यासाठी, हे मान्य केले तरी याच कृष्णाकाठाने महाराष्ट्राला गजाचे वादक किती दिले याची नोंद घेतली पाहिजे. पंडित व्ही. जी. जोग यांचा जन्म १९२२ मध्ये सातारा जिल्ह्यातील वाईचा. शहनाईनवाज बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी देशभर गाजली, १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पंडित डी. के. दातार १९३२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले. कुरुंदवाड आज कोल्हापूर जिल्ह्यात असले तरी संगीताच्या नकाशावर ते मिरजेच्याच अंगणात येते. गायन आणि व्हायोलिन या दोन्हींवर सारखीच हुकमत असलेले पंडित गजाननबुवा जोशी यांचे नाते साताऱ्यातील औंधशी. त्यांचे वडील अंतूबुवा औंध संस्थानचे दरबारी गायक होते.

त्याही मागे गेले तर सारंगी आहे. ज्या नागठाण्याशी बालगंधर्वांचे नाव जोडले जाते ते गाव सांगली जिल्ह्यातले आणि त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासमवेत सारंगीवर कादरबक्ष होते. मिरजेत स्थायिक झालेले आणि मिरजेच्याच दर्ग्याच्या परिसरात चिरविश्रांती घेत असलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ ज्या किराणा घराण्याचे, त्या घराण्याच्या गायकीचा सारंगीशी असलेला संबंध संगीताच्या अभ्यासकांना सांगावा लागत नाही. नाथपंथी भिक्षेकऱ्यांच्या हातातील किंगरी हीदेखील गजाचीच. म्हणजे गज या भागाला परका नव्हता, तो राजदरबारातही होता आणि दारोदारही.

असे असताना आज सातारा-सांगलीत व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाच्या गजाचे केस झडले, तर त्याने ते कोठे बसवून घ्यावेत, हा प्रश्न साधा वाटला तरी उत्तर साधे नाही. सतारीची जवारी बिघडली तर मिरजेत चार पावलांवर दुकान आहे. गजाला केस बसविणारा हात मात्र पुण्या-मुंबईसारख्या शहरांतही शोधावा लागतो. परिणामी गज टाकून दिला जातो आणि नवा, बहुधा निकृष्ट, गज विकत घेतला जातो. वाद्याचे निम्मे अंग अशा रीतीने वापरून फेकण्याची वस्तू बनले आहे.

निम्मे अंग हा शब्द येथे अतिशयोक्तीने वापरलेला नाही. सतारीच्या तारेला नखीचा एक आघात पुरतो, पुढे तार आपली आपण वाजते आणि विझते. व्हायोलिन किंवा सारंगी यांचा स्वर गज चालू आहे तोवरच जिवंत असतो. मींड, दम, स्वराचा फुगवटा, अगदी स्वर बारीक करत नेऊन सोडणे हे सारे उजव्या हातातील त्या काठीचे काम. व्हायोलिनचा गज साधारण ७४ ते ७५ सेंटिमीटर लांब, वजन सुमारे ६० ग्रॅम, त्यावर घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस. सारंगीचा गज याहून जड, बाहेरच्या बाजूला बाक असलेला आणि तळहात वर करून धरण्याचा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. नुसते केस तारेवरून कितीही फिरवले तरी आवाज येत नाही. आवाज येतो तो केसांना लावलेल्या राळेमुळे.

राळेचे काम

राळ ही वस्तू सातारकरांना अनोळखी नाही. मल्लखांबाच्या आखाड्यात पकड यावी म्हणून तिची भुकटी वापरतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर सोल्डरिंगसाठी तिचा खडा असतो. कागद, रंग, साबण, चिकटपट्टी अशा कितीतरी उद्योगांना ती लागते. हिमालयाच्या पायथ्याच्या चीड वृक्षांना चिरा देऊन जो चीक गोळा करतात तो तापवला की टर्पेंटाइन उडून जाते आणि मागे राहतो तो हा पिवळसर ठिसूळ पदार्थ. उत्तराखंड व हिमाचल प्रदेशात हा चीक काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. हिमाचलातील नाहन आणि बिलासपूर येथील सरकारी कारखाने त्यासाठी प्रसिद्ध आहेत. थोडक्यात, देशात राळेचा दुष्काळ नाही. तरीही वादकाच्या पेटीत जी वडी आढळते ती बहुतेक वेळा परदेशी असते, कारण बाजारातल्या खड्यात कचरा असतो, त्याचा कठीणपणा एकसारखा नसतो आणि वाद्यासाठी गाळून, मिश्रण साधून वडी पाडणे हे वेगळे कसब आहे.

गज तारेवर ठेवला की राळेमुळे केस तारेला धरून ठेवतात आणि आपल्याबरोबर ओढत नेतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तार निसटते, मागे जाते आणि पुन्हा पकडली जाते. सेकंदाला ४४० कंपने असलेला स्वर वाजत असताना ही पकड आणि सुटका सेकंदाला ४४० वेळा घडते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्‌झ याने एकोणिसाव्या शतकात तारेची ही चाल प्रथम उलगडली. पुढे तिचे सविस्तर गणित मांडले ते एका भारतीयाने. चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाबद्दल १९३० मध्ये नोबेल मिळाले हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यापूर्वी १९१८ मध्ये कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांवर प्रबंध प्रसिद्ध केला होता आणि यंत्राने व्हायोलिन वाजवून त्यांनी प्रयोगही केले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

घोड्याच्या केसांवरील खवले तारेला ओरबाडतात म्हणून आवाज येतो, असा एक समज वादकांतही आहे. तो खरा नाही. राळ नसलेला नवा कोरा गज मुका असतो, हा त्यावरचा सर्वांत सोपा पुरावा. केस राळ धरून ठेवतात आणि पकडण्याचे काम राळ करते.

आणि नेमकी येथेच नवशिक्यांची पहिली फसगत होते. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त व्हायोलिनबरोबर गज येतो, गजाबरोबर काचेसारखी चकचकीत वडी येते. मूल गज तारेवर ओढते, आवाज येत नाही. पालकांना वाटते, वाद्य सदोष आहे; मुलाला वाटते, आपल्याला जमत नाही. खरे तर केस कोरे असतात आणि वडीचा गुळगुळीत पृष्ठभाग केसांना काही देत नाही. बारीक काचकागदाने वडीचा चकाकणारा थर हलकेच खरवडायचा, मग संपूर्ण लांबीभर, घाई न करता, गज तिच्यावरून फिरवत राहायचे. नव्या केसांना हे पुष्कळ वेळा करावे लागते, अगदी दहा-पंधरा मिनिटेही. एकदा केस भरले की मग रोज तीन-चार फेऱ्या पुरतात. सारंगीला थोडी अधिक लागते, कारण तिच्या आतड्याच्या जाड तारा धरून ठेवायला पकडही तशीच हवी.

कमी राळेपेक्षा जास्त राळेने होणारे नुकसान मोठे आहे. आवाज खरखरीत होतो, म्हणून वादक गज जोराने दाबतो, मग आणखी खरखरतो. पांढरी भुकटी घोडीच्या आसपास साचते. ती तशीच राहिली की दमट हवेत चिकटते, काही महिन्यांनी वाद्याच्या पॉलिशवर तिचा कडक थर बसतो आणि तो काढण्यासाठी कुणीतरी स्पिरिट वापरते. स्पिरिट राळ विरघळवते तसेच पॉलिशही विरघळवते. वाजवून झाल्यावर मऊ सुती फडक्याने तारा, घोडीखालचा भाग आणि गजाची काठी पुसणे, याला अर्धे मिनिटही लागत नाही. धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा त्यासाठी दुकानातील महागड्या कापडाइतकाच उत्तम. केसांना मात्र फडकेही लावू नये आणि बोटही.

या शेवटच्या नियमाला आपल्याकडे खास महत्त्व आहे, जे युरोपीय पुस्तकांत आढळणार नाही. हिंदुस्थानी संगीतात मींड घ्यावी लागते आणि बोट तारेवरून घसरत न्यावे लागते. सारंगिये नखांच्या मुळाशी तार दाबतात आणि घर्षण कमी व्हावे म्हणून टाल्कम पावडर लावतात. दक्षिणेकडील व्हायोलिनवादक बोटांना तेलाचा हात लावतात. डाव्या हाताची ही सोय उजव्या हाताच्या गजाला घातक ठरते. तेलाचा किंवा पावडरीचा अंश केसांवर गेला की त्या जागी राळ धरत नाही, आणि गज तेथे आला की स्वर निसटतो. त्यावर आणखी राळ घासणे हा उपाय नव्हे. वादनाच्या खोलीत केसांना खोबरेल तेल चोपडलेली मुले असतील, तर गज हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुणे हाच खरा इलाज आहे.

दोन हवा, एक गज

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे असले तरी त्यांच्या हवेत फार अंतर आहे आणि जिल्ह्याच्या आतही ते कमी नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून घाट उतरले की वाई, पुढे सातारा, कराड, आणि कृष्णेच्या काठाने खाली येत मिरजेपर्यंत पोहोचेस्तोवर तोच पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरवर येतो. एप्रिल-मे महिन्यांत सांगली-मिरजेत पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते.

घोड्याचा केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. जुलैत साताऱ्यात बरोबर ताणलेला गज मिरजेच्या उन्हाळ्यात तसाच आवळलेला ठेवला, तर आखडणारे केस काठीला आतून ओढत राहतात. काठीचा बाक कायमचा जातो, ती वाकडी होते आणि कधी कधी टोकाशी चिरते. चिरलेले टोक दुरुस्त होते, परंतु पूर्वीचे बळ त्यात येत नाही. वाजवून झाल्यावर मळसूत्र फिरवून केस सैल करणे हा म्हणूनच गजाच्या देखभालीतील पहिला नियम. वाजवताना काठी आणि केस यांच्यामध्ये, मधोमध, पेन्सिल जाईल इतके अंतर असावे. काठी सरळ किंवा बाहेर फुगलेली दिसेल इतके आवळणे चूकच. सारंगीच्या अनेक पारंपरिक गजांना मळसूत्र नसते, केस बांधलेलेच असतात. अशा गजाला ऊन आणि ओल या दोहोंपासून दूर ठेवणे एवढेच हाती उरते.

राळेच्या निवडीलाही हवा लागू पडते. फिकट रंगाची वडी तुलनेने कठीण असते, ती दमट व उष्ण दिवसांत बरी. गडद रंगाची वडी मऊ व चिकट. ती थंड, कोरड्या हवेत चालते. पाचगणीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीने आणि तासगावच्या मुलाने एकच वडी वर्षभर वापरावी असे नाही. अर्थात हे पुढचे झाले. आधी वडी शाबूत राहायला हवी. राळ साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ होते. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती पेटीभर पसरते आणि हातातून फरशीवर पडली तर तिचे तुकडे होतात.

महापुराचा विषयही येथे टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यानंतरही घरांच्या भिंती कित्येक आठवडे ओल सोडत राहतात. अशा घरात कपाटात बंद राहिलेल्या वाद्याचे हाल पाण्यात न भिजताही होतात. भिजलेला गज उन्हात किंवा पंख्याखाली घाईने वाळवला तर काठी पिळवटते. केस पूर्ण सैल सोडून, सावलीत, आडवा ठेवून वाळवणे हाच मार्ग आणि केस मग बदललेलेच बरे.

बंद पेटीचा दुसरा शत्रू म्हणजे कसर. लोकरी शालीला लागते तशी ती गजाच्या केसांनाही लागते. काळोख, स्वस्थता आणि केस यांपलीकडे तिला काही लागत नाही. वर्षभराने पेटी उघडावी तर केसांचा झुबका सुटून पडलेला असतो. वादकाला वाटते केस जुने झाले म्हणून तुटले. पेटी रिकामी करून झाडणे, तिला ऊन दाखवणे आणि मुख्य म्हणजे वाद्य वरचेवर वाजवणे, यांहून चांगला बंदोबस्त नाही. एखाद-दुसरा केस तुटला तर तो ओढून काढू नये, दोन्ही टोकांशी कात्रीने कापावा. ओढल्याने शेजारचे केस सैल होतात. एका बाजूचेच केस तुटत गेले की ताण असमान होतो आणि काठी त्या बाजूला वळू लागते.

नियमाने वाजवणाऱ्याने वर्षातून एकदा, व्यावसायिक वादकाने त्याहूनही लवकर केस बदलावेत असे सांगितले जाते. प्रश्न पुन्हा तोच. बदलणार कोण?

बाजाराचे गणित

व्हायोलिन आणि सारंगी या भागात मागे का पडली, याचे उत्तर केवळ गजाच्या देखभालीत शोधणे अन्यायाचे होईल. पेटी आली, ती शिकायला सोपी, सुरात लावावी लागत नाही, राळ मागत नाही. गायकाच्या साथीतून सारंगी हळूहळू बाजूला झाली. सारंगीला चिकटलेल्या सामाजिक हीनतेचाही त्यात मोठा वाटा होता. तवायफांच्या मैफलीतले वाद्य म्हणून शिष्टवर्गाने तिला दूर लोटले. मध्यंतरी एक उलटा प्रवाह आला होता. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला मज्जाव केला, तो १९७१ पर्यंत टिकला. सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले ते याच काळात. त्या वर्षांत रेडिओवरील गायनाला साथ असे ती सारंगीची किंवा व्हायोलिनची. गजाच्या वादकाला नोकरीची शाश्वती असलेला तो काळ. बंदी सैल झाली, पेटी परतली आणि पुढे आकाशवाणीतील वादकांची पदेही रोडावत गेली.

तथापि शिकणाऱ्यांची हौस संपलेली नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालय मिरजेतच आहे आणि त्याच्या परीक्षांत व्हायोलिन हा विषय आहे. संगीत परीक्षांचा भर राग, ताल आणि शास्त्र यांवर असतो, असलाही पाहिजे. विद्यार्थी यमनचा आरोह-अवरोह धडाधड सांगतो. केस सैल करायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेले नसते. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्याचा गज हातात घेऊन पाहावा आणि त्याला पाच गुण ठेवावेत, एवढ्यानेही बरेच साधेल. यासाठी सरकारी अनुदान लागत नाही.

अडचण खरी आहे ती कारागिरीच्या अर्थशास्त्रात. स्वस्त गजाचे केस बदलण्याचा खर्च त्या गजाच्या किमतीच्या घरात जातो. साहजिकच ग्राहक नवा गज घेतो. ग्राहक येत नाही म्हणून कारागीर हे काम शिकत नाही, कारागीर नाही म्हणून चांगला गज असलेल्याचीही सोय होत नाही. केसही येथले नसतात. घोडेबाजारासाठी नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा प्रसिद्ध आहे आणि नावातच सारंग असलेल्या त्या गावातून गजाचे केस यावेत ही कल्पना मोहक वाटते. वस्तुतः व्हायोलिनच्या गजाचे केस बहुतांशी मंगोलिया आणि चीन अशा थंड मुलखांतून येतात. निवडून, एकाच लांबीचे व जाडीचे केस बांधणे ही पहिली पायरी, ते लाकडाच्या पाचरींनी टोकाशी आणि मुठीशी एकसारख्या ताणात बसविणे ही दुसरी. हे हातचे काम आहे, यंत्राने होत नाही.

मिरजेच्या कारागिराला ते अवघड आहे असे म्हणणे त्याचा अवमान ठरेल. तंबोऱ्याची जवारी काढताना तो घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा खरवडतो आणि कानाने थांबतो. ज्या हाताला हे जमते त्याला पाचर बसवणे जमेल. शिवाय या गावाने एकदा व्यवसाय बदललेला आहे. वाद्यनिर्मितीची सुरुवात करणारे फरीदसाहेब सतारमेकर हे शिकलगार घराण्यातले, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारे. संस्थानी सत्तांची शस्त्रे म्यान झाली, शिकलगारांचे काम आटले आणि मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी भोपळा हाती घेतला. आज मिरजेत सुमारे साडेचारशे कारागीर वाद्यनिर्मितीत असल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी दोघा-चौघांनी गजाचे काम उचलले तर दोन जिल्ह्यांची गरज भागेल आणि कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरचाही ग्राहक मिरजेच्या बाजारात येईल. मानांकनाचा फायदा केवळ नव्या सतारीच्या विक्रीत मोजण्यापेक्षा दुरुस्तीच्या कामातही मोजला गेला पाहिजे. नवी सतार एक ग्राहक आयुष्यात एकदा-दोनदा घेतो. गजाचे केस दर वर्षी बदलावे लागतात.

राळेच्या बाबतीतही हेच. नाहनची राळ आणून, गाळून, साताऱ्याच्या पावसाळ्यासाठी कठीण आणि हिवाळ्यासाठी मऊ अशा दोन वड्या मिरजेत पाडता येणार नाहीत असे नाही. त्यात मोठे भांडवल नाही. मात्र राळेची वाफ व भुकटी काहींच्या त्वचेला आणि श्वसनाला सोसत नाही, तेव्हा हे काम घरातील चुलीवर न करता हवेशीर जागेत, काळजीनेच व्हायला हवे.

जुन्या गजांचा प्रश्न यापेक्षा निकडीचा आहे. सांगली, सातारा, वाई, औंध येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आजोबांचे फिडल पडून असते. व्हायोलिन विकले जाते, काठी फेकली जाते. त्या काठीचे लाकूड पर्नांब्युको असण्याची शक्यता असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त याने आजच्या गजाला त्याचे रूप दिले, तेव्हापासून उत्तम गज याच ब्राझिली लाकडाचे होत आले. जंगलतोडीमुळे हे झाड दुर्मीळ झाले आणि २००७ मध्ये ते वन्यजीव व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले. २०२२ च्या पनामा परिषदेत ब्राझीलमधून तयार गज बाहेर नेण्यावरही परवान्याचे बंधन आले. जगभरातील गजकार आता कार्बन फायबरकडे आणि अन्य लाकडांकडे वळत आहेत. जे लाकूड यापुढे सहजी मिळणार नाही ते आपल्या माळ्यावर, कसर लागलेल्या केसांसकट पडलेले असू शकते. कुटुंबातील कुणी ते परदेशी पाठवणार असेल, तर लाकडाची ओळख आणि खरेदीची जुनी पावती यांची विचारणा होऊ शकते, म्हणून जुन्या पेटीतील कागदही जपावेत.

अशी काठी सापडली तर प्रथम मळसूत्र फिरते का ते पाहावे. फिरत नसेल तर जोर लावू नये. पक्कड तर मुळीच नको. केस कितीही खराब दिसले तरी घरी कापून टाकू नयेत, कारण एका बाजूचे केस कापल्याने ताण बिघडतो आणि मुठीचा भाग सुटून हरवतो. काठीला खोबरेल किंवा फर्निचरचे पॉलिश लावू नये. कोरड्या सुती कापडाने पुसावी, कापडात सैल गुंडाळून सपाट ठेवावी आणि जाणत्याला दाखवावी. तो जाणता आज पुण्यात किंवा मुंबईत गाठावा लागतो.

क्लस्टरपुढे प्रशिक्षणाचे विषय ठरविण्याचा प्रश्न जेव्हा येईल, तेव्हा गजाचे केस हा विषय यादीत असावा, अशी मागणी करण्यासाठी व्हायोलिन शिकविणाऱ्या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षकांनी एकत्र येण्याची आवश्यकता आहे. वर्षाला किती गज दुरुस्तीला निघतात याचा आकडा त्यांच्याच वर्गांतून मिळू शकतो, आणि कारागिराला काम शिकण्यास तयार करायचे तर त्याच्यापुढे ठेवायला तोच आकडा लागेल.